फुफ्फुसात ३० मायक्रॉन, पाठीच्या पाण्यात ३: बुरशी एक की दोन?

पार्श्वभूमी

सांगलीत हळदीच्या गोडाऊनमध्ये तोलाईचं काम करणारे एक गृहस्थ, पन्नाशी ओलांडलेले, त्यांना आपण अण्णा म्हणू. ओळख पटू नये म्हणून वय, गाव वगैरे थोडं इकडंतिकडं केलंय, दवाखान्यांची नि लॅबची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. माझा यातला रोल एवढाच की मी मिरजेत मायक्रोबायॉलॉजीची लॅब बघतो आणि शेवटी सॅम्पल माझ्या टेबलावर आलं.

अण्णा आधी सांगलीजवळ हरिपूरला पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांवर, कामाला होते, २००५ च्या पुरात तिथली बरीच पेवं गेली तेव्हा हे गोडाऊनला लागले. गोडाऊन पत्र्याचं, वर लोखंडी कैच्या आणि त्या कैच्यांवर पारव्यांची वस्ती, खाली पोत्यांवर पांढऱ्या विष्ठेचा थर, तो झाडायचं कामही अण्णांकडंच. गुडघे गेली काही वर्षं धरलेले. मग कुणीतरी सांगितलं म्हणून सांधेदुखीच्या पुड्या चालू केल्या, संध्याकाळी पुडी घेतली की सकाळी माणूस पळायला लागतो अशातल्या, आणि अशी पुडी म्हटलं की आत स्टेरॉइड असणार हे आपल्याकडच्या प्रत्येक डॉक्टरला माहितीय. तोंड गोल झालेलं, पोट सुटलेलं, शुगर वाढलेली. घरचे म्हणायचे अण्णांनी आता बाळसं धरलंय.

तीन आठवडे डोकं दुखत होतं, अंगात बारीक ताप, मग उलट्या सुरू झाल्या तेव्हा मुलानं दवाखान्यात नेलं. छातीच्या एक्सरेत उजवीकडं वरच्या बाजूला लिंबाएवढी गाठ, डोक्याच्या सीटीत विशेष काही नाही, एचआयव्ही निगेटिव्ह. पाठीतलं पाणी काढलं, म्हणजे एलपी केली. रिपोर्ट आला: पेशी ६०, सगळ्या लिंफोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), प्रोटीन वाढलेलं, साखर कमी, एडीए ही टीबीकडं बोट दाखवणारी टेस्ट काठावर. सीबीनॅट, म्हणजे टीबीचा जंतू शोधणारी टेस्ट, निगेटिव्ह. आता खरं सांगायचं तर आपल्या भागात हे चित्र दिसलं की दहातले नऊ डॉक्टर टीबी मेनिंजायटिसच, म्हणजे मेंदूच्या आवरणाला टीबीनं आलेली सूजच, म्हणणार, आणि टीबीच्या मेनिंजायटिसमध्ये सीबीनॅट निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं म्हणता येत नाही हेही खरं, त्यामुळं एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू झाली आणि सोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. यात त्या डॉक्टरांना नावं ठेवायला मला तरी जागा दिसत नाही. गडबड त्याच्या आधी, पेशी मोजण्याच्या पायरीवर झालेली होती, पण ते कळायला बराच वेळ गेला.

अडचण कुठं आली

पहिले चार-पाच दिवस अण्णा सुधारले, जेवायला लागले, डोकं थांबलं. घरच्यांना वाटलं औषध लागू पडलं. ही सुधारणा डेक्साची होती, एकेटीची नाही, कारण स्टेरॉइडनं मेंदूची सूज तात्पुरती उतरते आणि कुठलाही मेनिंजायटिस दोन दिवस बरा वाटतो. नंतर परत डोकं उठलं ते आधीपेक्षा जास्त, एकाचे दोन दिसायला लागले, कानाला कमी यायला लागलं. दरम्यान ती छातीतली गाठ कॅन्सरची तर नाही ना म्हणून सीटी बघत बघत सुई घालून तिचा नमुना घेतलेला, त्या स्लाइड मिरजेत एका पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडं गेल्या. त्याच आठवड्यात पेशंटही मिरजेला हलवला, न्यूरोवाल्या डॉक्टरांनी परत एलपी केली आणि ते पाणी माझ्याकडं आलं.

मॅडमचा फोन आला, "काय ओ सर, तुमच्याकडं त्या हळदीवाल्या पेशंटचं पाणी आलंय का? मला इथं गाठीत भलतंच दिसतंय, टीबी नाही, कॅन्सर पण नाही, गोल गोल जाड भिंतीचं काहीतरी आहे आणि केवढं मोठं आहे ते."

मी जाऊन बघितलं. जिम्सा स्टेनच्या स्लाइडवर गोल पेशी, भिंत जाड, भोवती रिकामं कडं, आणि साइझ २५ ते ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बाजूला लाल पेशी पडलेल्या होत्या, लाल पेशी साधारण ७ मायक्रॉनची, म्हणजे स्लाइडवरच मोजपट्टी ठेवलेली. त्या हिशोबानं ही पेशी चार-पाच पट रुंद. सूज आलेल्या भागातले मॅक्रोफेज, जे एरवी असल्या गोष्टी गिळतात, तेच हिच्यापुढं लहान दिसत होते, दोन-तीन जण एकत्र येऊन नुसते चिकटलेले.

मग आमच्या लॅबला येऊन सीएसएफ, म्हणजे ते पाठीतलं पाणी. सेंट्रिफ्यूज करून खालच्या डिपॉझिटचा एक थेंब, बाजूला इंडिया इंकचा, म्हणजे काळ्या शाईचा, थेंब, वर कव्हर स्लिप. काळ्या पार्श्वभूमीवर यीस्ट, म्हणजे एकपेशी बुरशी, होत्या, भरपूर होत्या, पण बारीक. बहुतेक ३ ते ४ मायक्रॉन, कॅप्सूलचं, म्हणजे पेशीभोवतीच्या चिकट आवरणाचं, कडं इतकं पातळ की फोकस वरखाली केल्याशिवाय दिसेना, मधूनच एखादी ६-७ मायक्रॉनची, पुस्तकात क्रिप्टोकॉकस नावाच्या यीस्टची दाखवतात तशी रुंद पांढरं कडं असलेली. आमच्या टेक्निशियननं दोन्ही बघितलेलं, तो म्हणाला, "सर, एकीकडं हरभरा नि एकीकडं राजगिरा, हे एका झाडाचं कसं असंल?"

न्यूरोवाल्या डॉक्टरांचा प्रश्नही तोच होता, फक्त त्यांच्या भाषेत. स्टेरॉइडवरचा पेशंट आहे, शुगर आहे, दोन वेगवेगळ्या बुरशी असू शकतात ना? फुफ्फुसात एक आणि मेंदूत दुसरी? असू शकतात, नाही कशाला. आणि तसं असेल तर गाठीची मोठी बायॉप्सी परत करावी लागणार, डोक्यात प्रेशर वाढलेल्या पेशंटची.

बुरशी अंगात गेल्यावर काय करते

आकार बदलणारी यीस्ट म्हटलं की आपल्याला कँडिडा आठवते, कारण कॉलेजमध्ये जर्म ट्यूब टेस्ट सगळ्यांनी केलेली असते: सीरममध्ये कॉलनी घोळवायची, ३७ डिग्रीला दोन-तीन तास ठेवायची आणि गोल पेशीला फुटलेली नळी बघायची. कँडिडा अल्बिकन्स अशी लांब होऊन टिश्यूत घुसते. त्यामुळं डोक्यात बसलंय की कँडिडा लांब होते आणि क्रिप्टोकॉकस बिचारी गोल ती गोलच राहते. गोल राहते हे खरंय, पण साइझमध्ये ती जे करते ते कँडिडाच्या वरताण आहे.

क्रिप्टोकॉकस निओफॉरमन्स बाहेर, म्हणजे कल्चर प्लेटवर, साधारण ५ ते ७ मायक्रॉनची. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेत ती राहते, तिथं तिची कॅप्सूल आक्रसलेली असते आणि पेशी बारीक, धुळीबरोबर श्वासातून पार फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जायला सोयीची. आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे कॅप्सूल फुगवणं. आणि त्यातल्या काही पेशी एक वेगळीच वाट धरतात, विभागणी थांबवतात पण आतला डीएनए दुप्पट, चौपट करत राहतात आणि फुगत जातात. १० मायक्रॉनच्या पुढं गेली की तिला टायटन सेल म्हणायचं, कॅप्सूल धरून ५० ते १०० मायक्रॉनपर्यंतही जाते. २०१० साली एकाच वर्षी माद्रिदच्या आणि मिनेसोटाच्या दोन वेगवेगळ्या टीमनी उंदरांच्या फुफ्फुसातल्या या पेशींवर सविस्तर काम छापलं, तेव्हापासून हे नाव रुळलं. उंदरांत फुफ्फुसातल्या दर पाच यीस्टमागं एक टायटन असू शकते असं त्यात दिसलं.

एवढं मोठं होऊन तिला काय मिळतं? एक तर तिला गिळायला कुणी नाही, मॅक्रोफेजच्या तोंडात मावतच नाही. भिंत जाड, कॅप्सूल घट्ट विणलेली, त्यामुळं बाहेरचा मारा झेलते. शिवाय ती आजूबाजूच्या साध्या साइझच्या यीस्टनाही गिळलं जाण्यापासून वाचवते असं दिसलंय. पण ही इतकी मोठी पेशी फुफ्फुसातून उठून मेंदूत जाऊ शकत नाही, केशवाहिनीची रुंदीच ५ ते १० मायक्रॉन. ती जागेवर बसून कळ्या सोडते आणि त्या कळ्या साध्या साइझच्या निघतात, त्यातही काहींचा क्रोमोसोमचा हिशोब बदललेला असतो, आणि अशा बदललेल्या पोरांमध्ये फ्लुकोनाझोल या बुरशीच्या औषधाला दाद न देणाऱ्या निघू शकतात हेही २०१५ च्या कामात दाखवलंय.

मग मेंदूत कोण जातं? बारीक पेशी. २०२२ मध्ये युटा विद्यापीठातल्या टीमनं यांना सीड सेल म्हटलं. लहान साइझ, वरचा पृष्ठभाग बदललेला, आणि फुफ्फुस सोडून दुसऱ्या अवयवात घुसायला तरबेज. आणि हे बारीक व्हायचा इशारा कशानं मिळतो, तर फॉस्फेटनं. पेशंटच्या टिश्यूची नासधूस झाली की फॉस्फेट सुटतं, आणि पारव्यांच्या विष्ठेतही फॉस्फेट भरपूर, त्यावर वाढवलेली क्रिप्टोकॉकस अशा बारीक पेशी करायला आधीच तयार होऊन बसते. हे वाचलेलं होतं तेव्हा मला नुसतं इंटरेस्टिंग वाटलं होतं, अण्णांच्या गोडाऊनच्या कैच्यांबद्दल ऐकल्यावर परत उघडून वाचलं. अण्णांच्या अंगात नेमकं त्यामुळंच झालं असं काही मी म्हणत नाही, एका पेशंटवरून ते ठरत नसतं. पण एकच बुरशी फुफ्फुसात ३० मायक्रॉन आणि सीएसएफमध्ये ३ मायक्रॉन दिसणं हे चमत्कार नाही, उलट तिचा स्वभावच तो आहे, एवढं म्हणायला आधार होता.

कुठले पर्याय समोर होते

आता आधार आहे म्हणून रिपोर्टवर सही होत नाही. त्या दिवशी दुपारी मॅडम, न्यूरोवाले डॉक्टर आणि मी फोनवर जे बोललो त्यात तीन रस्ते निघाले.

पहिला, दोन बुरशी आहेत असं धरून गाठीची परत बायॉप्सी करायची आणि तिचं कल्चर लावायचं. पक्कं उत्तर मिळालं असतं, पण पेशंटची अवस्था बघता रिस्क मोठी आणि कल्चरला वेळ जाणारच. दुसरा, सीएसएफमध्ये क्रिप्टोकॉकस आहेच तर त्याचं औषध सुरू करायचं आणि फुफ्फुसाचं नंतर बघू म्हणायचं. तिसरा म्हणजे हातात आहे त्याच मालातून जेवढं निघतंय तेवढं काढायचं: गाठीच्या नमुन्याचा सेल ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेल्या पेशी, मॅडमकडं शिल्लक होता, त्यावर वेगळे स्टेन मारायचे, थुंकी मागवायची, रक्तातलं अँटिजेन, म्हणजे क्रिप्टोकॉकसच्या कॅप्सूलचा सुटलेला अंश, तपासायचं.

मला स्वतःला सुरुवातीपासून तिसराच पटत होता आणि त्याचं कारण साधं होतं. मोठ्या साइझची बुरशी म्हणून ज्या ज्या नावांची यादी निघाली ती एकेक करून बघितली तर बसत नव्हती. ब्लास्टोमायसीस ८ ते १५ मायक्रॉन आणि तिची कळी रुंद बुडाची, आपल्याकडं ती तशीही फार विरळ. कॉक्सिडिऑइडीसचं स्फेरूल एवढं मोठं असतं, पण त्याच्या आत बारीक एंडोस्पोर ठासून भरलेले असतात, आणि ती अमेरिका खंडातली, अण्णा पंढरपूरच्या पलीकडं गेलेले नाहीत. सीएसएफच्या बाजूनं बघायचं तर बारीक आणि कॅप्सूल न दिसणारी यीस्ट म्हणून कँडिडा ग्लॅब्राटाचं नाव निघालं, पण मधूनमधून त्या रुंद कड्याच्या पेशी होत्या त्यांचं काय करायचं? आणि मॅडमनी स्लाइड परत शांतपणे चाळली तेव्हा त्यांना एक पेशी सापडली, तीस-पस्तीस मायक्रॉनची आई आणि तिला चिकटलेली पाच-सहा मायक्रॉनची कळी, मधला जोड अगदी अरुंद. मला फोटो पाठवला, खाली लिहिलेलं, "मान बघा." अरुंद मान म्हणजे क्रिप्टोकॉकसकडं झुकणारी गोष्ट, पुरावा नव्हे पण मोठी खूण.

अजून एक गोष्ट जी बोलता बोलता स्पष्ट झाली आणि त्यानं सगळा ताणच उतरला: गाठीत क्रिप्टोकॉकस असो नाहीतर ब्लास्टोमायसीस असो, सुरुवातीचं औषध अँफोटेरिसिनच, सलाईनमधून द्यायचं बुरशीचं औषध. म्हणजे बायॉप्सी आज केली काय नि पंधरा दिवसांनी केली काय, आज रात्री सलाईनमधून जे जाणार ते तेच. मग घाई कशाला.

काय केलं

सगळ्यात आधी जे झालं ते माझ्या खात्यातलं नव्हतं पण माझ्या मते अण्णा वाचले ते त्यामुळं. दुसऱ्या एलपीच्या वेळी न्यूरोवाल्या डॉक्टरांनी प्रेशर मोजलं, ४० सेंटिमीटर भरलं, २५ च्या वर म्हणजे जास्तच. त्यांनी पाणी काढून प्रेशर निम्म्यावर आणलं आणि पुढं रोज सुई घालून काढत राहिले, जोवर ते खाली टिकत नाही तोवर. घरच्यांना हे बघवत नव्हतं. अण्णांच्या मंडळी बाहेर भिंतीला टेकून म्हणायच्या, "आधीच बिचाऱ्याचं डोकं फुटतंय, त्यात रोज रोज पाठीत सुई कशाला ओ." पण या आजारात प्रेशर वाढतं ते कॅप्सूलचा चिकट माल पाण्यात सुटून निचऱ्याच्या वाटा तुंबतात म्हणून, त्यावर मॅनिटॉल वगैरे चालत नाही, पाणी काढणं हाच उपाय. एचआयव्हीच्या पेशंटमध्ये सीएसएफमधल्या यीस्टची कॅप्सूल मोजली तेव्हा ज्यांच्यात ती रुंद त्यांच्यात प्रेशरही जास्त असं आढळलेलं आहे. अण्णांच्या सॅम्पलमध्ये बहुतेकांची कॅप्सूल पातळ आणि तरी प्रेशर ४०, त्यामुळं हा नियम इथं सरळ लावता येत नाही, यीस्टची संख्या आणि सुटलेला माल हेही धरावं लागतं.

अँटिजेनची पट्टी लावली तर गंमत झाली. सीएसएफ तसंच टाकलं तर रेघ एकदम फिकट, आहे की नाही असं वाटावं अशी. एवढ्या यीस्ट दिसत असताना रेघ फिकट येते म्हणजे अँटिजेन कमी नाही, उलट इतकं जास्त आहे की पट्टीच गोंधळलीय, याला प्रोझोन म्हणतात. सॅम्पल पातळ करून लावलं आणि ठळक रेघ आली, रक्ताचं पण पॉझिटिव्ह. ज्यांच्याकडं ही पट्टी आहे त्यांनी फिकट रेघ आली की एकदा पातळ करून बघावं, दोन मिनिटांचं काम आहे.

मॅडमनी सेल ब्लॉकवर म्युसिकारमाइन नावाचा स्टेन मारला, कॅप्सूल गुलाबी-लाल झाली. हा रंग घेणारी कॅप्सूल क्रिप्टोकॉकसचीच. मॅसन फॉन्टाना हा दुसरा स्टेन मारला तर भिंतीत मेलॅनिन हे काळपट रंगद्रव्य. म्हणजे ३० मायक्रॉनची असली तरी हिचं सगळं वागणं क्रिप्टोकॉकसचं.

तरी मला कल्चर हवं होतं. गाठीचा नमुना अल्कोहोलमध्ये गेलेला, त्यातून काही उगवायचं नाही. म्हणून थुंकी मागवली आणि सीएसएफबरोबर तीही लावली. सॅबरॉडवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या साध्या मीडियावर, आणि सोबत कारळ्याच्या मीडियावर. आपल्याकडं ज्याची चटणी भाकरीबरोबर खातो तेच कारळं, ते वाटून त्याचा अर्क अगारमध्ये घालायचा, १९६२ मध्ये जर्मनीतल्या स्टाइब यांनी ही शक्कल दाखवली. क्रिप्टोकॉकसकडं फिनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, त्यामुळं कारळ्यातल्या घटकापासून ती मेलॅनिन करते आणि कॉलनी तपकिरी होते, कँडिडा पांढरीच राहते. थुंकीच्या प्लेटवर तोंडातली कँडिडा भरपूर होती, त्या पांढऱ्या गर्दीत चार-सहा चॉकलेटी कॉलन्या. कारळ्याची प्लेट नसती तर त्या हमखास सुटल्या असत्या. सीएसएफच्या प्लेटवर सगळ्याच तपकिरी.

मग दोन्हीकडची एकेक कॉलनी घेऊन शेजारी शेजारी इंडिया इंकमध्ये बघितली. दोन्ही ५-६ मायक्रॉन. ना हरभरा ना राजगिरा. अंगातून बाहेर काढून खायला घातल्यावर दोघीही आपल्या मूळ साइझला आल्या. यूरिएज टेस्ट दोन्ही पॉझिटिव्ह, सीजीबी अगारवर दोन्हीकडं निळा रंग नाही म्हणजे क्रिप्टोकॉकसची गॅटी ही दुसरी जात नव्हे, निओफॉरमन्स. पुण्याला पाठवलेल्या कॉलन्यांची मशिनवरची ओळखही तीच आली. दोन्ही अगदी एकाच वंशातल्या आहेत हे सिद्ध करायला याच्या पुढची टेस्ट लागते, ती केली नाही, उपचाराच्या दृष्टीनं त्याची गरज नव्हती.

औषधांचं थोडक्यात. एकेटी बंद केली, टीबीचा पुरावा नव्हता आणि त्यातलं रिफाम्पिसिन पुढं द्यायच्या फ्लुकोनाझोलची रक्तातली पातळी खाली आणतं. डेक्सा मात्र एकदम तोडलं नाही, कारण पुड्यांमुळं अंगातलं स्वतःचं स्टेरॉइड बनणं आधीच झोपलेलं असणार, ते हळूहळू उतरवलं. अँफोटेरिसिन साधं की लायपोसोमल यावर घरात चर्चा झाली, किमतीतला फरक ऐकून मुलगा बराच वेळ बोललाच नाही, पण क्रिएटिनिन आधीच थोडं वर होतं, म्हणजे किडनीवर ताण होता, म्हणून किडनीला कमी त्रास देणारं लायपोसोमल घेतलं. त्याच्या जोडीचं औषध फ्लुसायटोसिन इथं मेडिकलमध्ये ठेवत नाहीत, मागवावं लागलं आणि ते पोचेपर्यंत फ्लुकोनाझोलवर भागवलं.

काय निष्पन्न झालं

पहिल्या आठवड्यात डोकं कमी झालं, ते मुख्यतः रोजच्या पाणी काढण्यानं. दोन आठवड्यांनी परत सीएसएफ आलं आणि इथं एक छोटा पेच पडला: इंडिया इंकमध्ये यीस्ट अजून दिसत होत्या. वॉर्डातून फोन, औषध लागू होत नाही का? मी रिपोर्टमध्ये लिहिलं की यीस्ट दिसतात, कल्चरची वाट बघा, कारण मेलेल्या क्रिप्टोकॉकस पाण्यात बराच काळ तरंगत राहतात आणि अँटिजेन तर कित्येक महिने पॉझिटिव्ह येतं. कल्चर कोरं आलं. एचआयव्ही नसलेल्या पेशंटला सुरुवातीचा जोरदार कोर्स साधारण चार आठवडे द्यावा असा जुना सल्ला आहे, डॉक्टरांनी तो पाळला आणि मग फ्लुकोनाझोलवर आणलं.

अण्णा चालत घरी गेले. उजव्या डोळ्यानं अंधुक दिसतं ते तसंच राहिलंय, कान बराचसा परत आला. छातीतली गाठ पुढच्या सीटीत निम्म्याहून लहान दिसली, त्यामुळं बायॉप्सीचा विषय तिथंच संपला. गुडघे परत दुखतायत, पुड्या बंद आहेत असं घरचे सांगतात.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली एलपी झालेल्या ठिकाणची मोजणीची स्लाइड मुलानं आणून दिली होती, वाळलेली पण बघण्यासारखी. त्यातल्या ६० 'लिंफोसाइट'मध्ये बऱ्याच यीस्ट होत्या. ३-४ मायक्रॉनची, कॅप्सूल पातळ असलेली क्रिप्टोकॉकस न्यूबॉर चेंबरमध्ये, म्हणजे पेशी मोजायच्या काचेत, लो पॉवरखाली लिंफोसाइटसारखी दिसते आणि घाईत मोजली जाते, हे आपल्याकडं वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे ॲसिटिक ॲसिड नि जेंशियन व्हायोलेटचं डायल्युटिंग फ्लुइड घालायचं, लाल पेशी फुटतात, लिंफोसाइटचा न्यूक्लियस जांभळा उठतो आणि यीस्ट रंग न घेता चकाकत राहते, मग मोठ्या पॉवरवर कळी दिसते का बघायचं. ग्रॅम स्टेन केली असती तरी सुटली नसती. फक्त 'इंडिया इंक निगेटिव्ह' यावर विसंबायचं नाही, एचआयव्ही नसलेल्यांमध्ये ती जवळपास निम्म्या केसेसमध्ये चुकते, आणि पुस्तकातलं रुंद कडं शोधणाऱ्या डोळ्याला बारीक पेशी दिसत नाहीत. लिंफोसाइट वाढलेल्या प्रत्येक सीएसएफला अँटिजेनची पट्टी लावावी असं माझं मत आहे. काहीजण म्हणतात खर्च वाढतो, पण एकेटीचे ते वाया गेलेले आठवडे आणि एक डोळा धरला तर खर्चाचं गणित मला तरी पटत नाही.

प्रेशर पहिल्याच एलपीला मोजायला हवं होतं. मॅनोमीटर नसला तर सलाईनची नळी आणि मोजपट्टीवर पण अंदाज येतो.

गाठीतून सुई काढताना सगळा माल स्लाइडवर नि अल्कोहोलमध्ये न घालता थोडा सलाईनमध्ये ठेवला असता तर थुंकीची वाट बघायची वेळ आली नसती, हे आता मॅडमनी आणि मी मिळून तिथल्या रेडिओलॉजिस्टना सांगितलंय, त्यांच्या ट्रेमध्ये एक बाटली वाढलीय. आणि हिस्टरी घेताना पुड्यांचं नाव घेऊन विचारायला पाहिजे. 'काही औषधं चालू आहेत का' असं विचारलं तर उत्तर नाही असंच येतं, कारण पुडीला कुणी औषध धरत नाही.

एका मुद्द्यावर आमचं अजून जमलेलं नाही. मॅडमचं म्हणणं की रिपोर्टमध्ये साइझ लिहायचाच, २५ ते ४० मायक्रॉन, कारण जे दिसलं ते दिसलं. माझं म्हणणं साइझ लिहा पण त्यालाच जोडून लिहा की क्रिप्टोकॉकसमध्ये अशी मोठी रूपं दिसतात, म्युसिकारमाइन बघितल्याशिवाय दुसरं नाव घेऊ नका, नाहीतर वॉर्डातला ज्युनियर डॉक्टर नुसता आकडा गूगल करतो आणि ब्लास्टोमायसीसवर जाऊन थांबतो. मॅडम म्हणतात रिपोर्ट म्हणजे निबंध नव्हे. सध्या त्या आकडा लिहितात आणि मी फोन करतो.